प्रवाळ-टाकीचा सांडवा : वीज गेली की पाणी जाते कुठे?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड किंवा लातूरमधील घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी उभारायची म्हटली, की चर्चा प्रथम मासे, दिवे आणि खडक यांचीच होते. ज्या गोष्टीवर टाकीचे आणि घरातील फरशीचेही भवितव्य अवलंबून असते, तो पाण्याचा सांडवा मात्र शेवटी, अनेकदा काच चिकटवून झाल्यावर आठवतो. वास्तविक क्रम उलटा हवा. टाकीचा आकार, खालच्या टाकीचे माप आणि पंपाची ताकद या तिन्ही गोष्टी सांडव्याच्या हिशेबातूनच ठरायला हव्यात.

धरणाचा सांडवा नेहमीच्या पावसासाठी बांधला जात नाही. तो मोठ्या पुराचा विचार करून बांधला जातो. गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्या नांदेडकरांना हे तत्त्व नवे नाही. घरातील काचेच्या टाकीलाही तेच लागू आहे. सर्व काही सुरळीत चालू असताना कोणताही सांडवा चालतो. वीज गेल्यावर किंवा नळ तुंबल्यावर जो चालतो, तोच खरा सांडवा.

पाण्याचा फेरा

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र दाराशीच होता. मराठवाड्यात ती सोय नाही. येथे गोड्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून समुद्र तयार करावा लागतो आणि तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. त्यासाठी दोन टाक्यांची रचना करतात. वर दर्शनी टाकी आणि तिच्या खालच्या कपाटात दुसरी, हौशी मंडळी जिला ‘संप’ म्हणतात ती. दर्शनी टाकीतील पाणी एका ठरावीक उंचीच्या कडेवरून सांडव्याच्या पेटीत पडते, तेथून नळाने खाली येते, गाळणी आणि फेस काढणारे ‘प्रोटीन स्किमर’ यांतून जाते आणि शेवटच्या कप्प्यातील पंप ते पुन्हा वर चढवतो.

सांडव्याच्या या रचनेमुळे तीन कामे साधतात. पाण्याच्या पृष्ठभागावर जमणारा तेलकट सेंद्रिय थर सतत खेचला जातो; दर्शनी टाकीतील पातळी कायम एकसारखी राहते; आणि हीटर, स्किमर यांसारखी उपकरणे नजरेआड जातात. खालच्या टाकीतून ताशी किती पाणी फिरवावे याविषयी पूर्वी बरेच मोठे आकडे सांगितले जात. आता दर्शनी टाकीच्या घनफळाच्या तीन ते पाच पट प्रवाह पुरेसा मानला जातो. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीच्या आत बसवलेल्या लाटयंत्रांनी द्यावा. त्याचा भार सांडव्यावर टाकू नये.

कड किती लांब?

उदाहरण म्हणून १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर तिच्यात ३०० लिटर पाणी मावेल. ताशी १५०० लिटरचा प्रवाह ठेवला आणि सांडव्याची कड ४० सेंटिमीटर लांब असली, तर धरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या सूत्रानुसार कडेवरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी सुमारे ७ मिलिमीटर येते. कड निम्मी, म्हणजे २० सेंटिमीटर केली, तर ती ११ मिलिमीटरच्या आसपास जाते. कड जितकी लांब तितका पाण्याचा थर पातळ, आणि थर जितका पातळ तितका पृष्ठभाग अधिक स्वच्छ. शिवाय वीज गेल्यावर खाली उतरणारे पाणीही त्या प्रमाणात कमी होते.

मासे आणि गोगलगायी पेटीत जाऊ नयेत म्हणून कडेला कंगव्यासारखे दाते ठेवतात. दात्यांमुळे पाण्याची वाट अरुंद होते, हे हिशेबात धरावे लागते. दाते आणि फटी समान रुंदीच्या असतील, तर ४० सेंटिमीटरची कड प्रत्यक्षात २० सेंटिमीटरचेच काम करते.

तीन नळांची पद्धत

पेटीतून पाणी खाली नेण्याच्या अनेक पद्धती हौशी लोकांनी गेल्या काही दशकांत घडवल्या. सर्वांत साधी म्हणजे एकच उभा नळ, त्याला वर उलटे वळण आणि वळणावर हवेसाठी बारीक छिद्र. ती ‘डर्सो’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पाणी आणि हवा एकाच नळातून उतरतात. त्यामुळे गुळगुळ आवाज येतो आणि नळाची पूर्ण क्षमता वापरली जात नाही.

‘हर्बी’ पद्धतीत दोन नळ असतात. मुख्य नळ पूर्ण सायफनवर, म्हणजे हवेशिवाय भरून वाहतो; त्याचा वेग खालच्या झडपेने आवरलेला असतो. दुसरा नळ आणीबाणीसाठी कोरडा ठेवतात. ‘बीनॲनिमल’ पद्धतीत तीन नळ असतात आणि आज सर्वांत भरवशाची तीच मानली जाते. पहिला नळ पूर्ण सायफनचा. त्याची झडप अशी लावायची, की पंपाच्या प्रवाहापेक्षा किंचित कमी पाणी त्यातून जाईल. उरलेले थोडे पाणी दुसऱ्या, हवा खेळत्या ठेवलेल्या नळातून शांतपणे झिरपते. दुसऱ्या नळाच्या हवेची बारीक नळी पाण्याच्या पातळीच्या जरा वर सोडलेली असते. पहिला नळ तुंबून पेटीतील पातळी वाढली, की ही नळी बुडते, हवा बंद होते आणि दुसरा नळ आपोआप सायफन होऊन सगळा भार उचलतो. तोही तुंबला, तर सर्वांत उंच तोंडाचा तिसरा नळ आहेच.

भरून वाहणारा २५ मिलिमीटर आतील व्यासाचा नळ पाऊण मीटर उतारावर, वळणे फार नसल्यास, ताशी ३००० लिटरच्या आसपास पाणी नेऊ शकतो. हवा मिसळून वाहणारा त्याच मापाचा नळ साधारण निम्म्यावर थकतो. म्हणून वरील उदाहरणात २५ मिलिमीटर ही किमान मर्यादा समजावी आणि आणीबाणीचा नळ शक्यतो ३२ मिलिमीटरचा घ्यावा. तिसरा नळ एकट्याने पंपाचा संपूर्ण प्रवाह वाहून नेऊ शकला पाहिजे, हा नियम कधीही मोडू नये. त्यावर झडपही बसवू नये.

सायफनच्या नळाचे खालचे तोंड संपमधील पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे. ते खोलवर बुडाले, तर वीज परत आल्यावर नळातील हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पुन्हा सुरू होण्यास विलंब लागतो.

वीज गेली तर

भारनियमनाची वर्षे मराठवाडा विसरलेला नाही. आजही वळवाच्या पावसात वीज जाते आणि तासाभरात चार वेळा येते-जाते. पंप थांबताच दोन गोष्टी घडतात. कडेवर असलेला पाण्याचा थर खाली उतरतो आणि पाणी वर चढवणारा नळ उलटा सायफन होऊन टाकीतील पाणी खाली ओढू लागतो. हे ओढणे नळाचे तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत थांबत नाही.

आपल्या उदाहरणातील टाकीचा पृष्ठभाग ०.६ चौरस मीटर आहे. म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली, की ०.६ लिटर पाणी खाली येते. कडेवरील ७ मिलिमीटरचे सुमारे ४ लिटर. परतीच्या नळाचे तोंड कडेच्या ३० मिलिमीटर खाली असेल, तर त्याचे १८ लिटर. नळांतील दोन-तीन लिटर धरले, तर एकूण सुमारे २५ लिटर पाणी खाली येणार. संप ९० बाय ४० सेंटिमीटरचा असेल, तर त्यातील पातळी त्यामुळे सुमारे ७ सेंटिमीटर वाढेल. ४० सेंटिमीटर उंचीच्या संपमध्ये चालू पातळी २२ सेंटिमीटर ठेवली, तर ती २९ वर जाऊन थांबते आणि ११ सेंटिमीटर जागा शिल्लक राहते. हीच चालू पातळी ३५ ठेवली असती, तर पाणी फरशीवर आले असते. परतीचे तोंड ३० ऐवजी १०० मिलिमीटर खाली ठेवले असते, तर ६५ लिटरहून अधिक पाणी उतरले असते आणि २२ सेंटिमीटरची पातळीही वाचवू शकली नसती.

उलटा सायफन तोडण्यासाठी परतीच्या नळाला पातळीजवळ बारीक छिद्र पाडण्याची किंवा एकमार्गी झडप बसवण्याची प्रथा आहे. दोन्ही उपाय जादाचे म्हणून करावेत. त्यांवर विसंबू नये. छिद्र शेवाळाने किंवा चुनखडीच्या थराने बुजते, आणि झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. नळाचे तोंडच पृष्ठभागाजवळ ठेवणे हा एकमेव न बिघडणारा उपाय आहे.

घरातील इन्व्हर्टरवर परतीचा पंप चालवण्याची गरज नसते. प्राणवायूसाठी टाकीतील एखादे लाटयंत्र किंवा हवेचा पंप त्यावर जोडला, तरी तो बराच काळ पुरतो.

नळ तुंबला तर

दुसरा हिशेब याच्या नेमका उलटा आहे. तिन्ही नळ एकाच वेळी तुंबले आणि पंप चालूच राहिला, तर दर्शनी टाकी भरून वाहील का? याचे उत्तर पंप असलेल्या कप्प्याच्या आकारात आहे. हा कप्पा २५ बाय ४० सेंटिमीटरचा आणि त्यातील उपसण्याजोगे पाणी १५ सेंटिमीटर असेल, तर पंप जास्तीत जास्त १५ लिटर पाणी वर टाकू शकतो. त्यानंतर तो कोरडा पडतो. दर्शनी टाकीत १५ लिटर म्हणजे २५ मिलिमीटर.

येथे एक छुपा धोका आहे. बाष्पीभवन भरून काढणारे स्वयंचलित यंत्र याच कप्प्यातील पातळी पाहत असते. पातळी घटली की ते साठ्यातील गोडे पाणी सोडू लागते आणि पंप तेही वर चढवतो. साठा १० लिटरचा असेल, तर दर्शनी टाकीत आणखी सुमारे १७ मिलिमीटर वाढ होते. दोन्ही मिळून ४२ मिलिमीटर. म्हणून टाकीच्या काठाखाली ५० मिलिमीटर जागा मोकळी सोडावी आणि गोड्या पाण्याचा साठा मुद्दाम लहान ठेवावा. थेट नळाला किंवा गच्चीवरील टाकीला जोडलेले स्वयंचलित भरण हे पुराला दिलेले आमंत्रणच ठरते.

हार्डवेअरच्या दुकानातील पथ्ये

शहरातील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसीचे नळ, जोड, युनियन आणि सॉल्व्हंट सिमेंट मिळते. हे साहित्य खाऱ्या पाण्याला चालते. गेट व्हॉल्व्ह मागितल्यावर मात्र अनेकदा पितळी किंवा गनमेटलचा समोर येतो. त्यातील तांबे खाऱ्या पाण्यात विरघळते आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना ते अगदी अल्प प्रमाणातही घातक असते. जस्ताचा मुलामा दिलेले जीआय नळ आणि पितळी टाकी-जोडही वर्ज्य. प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास प्लॅस्टिकचा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा, मात्र त्यावर बारीक नियंत्रण साधायला धीर लागतो.

काचेला छिद्र पाडण्यापूर्वी ती टफन्ड नाही याची खात्री हवी. टफन्ड काच छिद्र पाडताना चुरा होते. छिद्राची कड काचेच्या कडेपासून निदान छिद्राच्या व्यासाइतकी दूर असावी. प्रत्येक नळाला युनियन दिल्यास साफसफाईसाठी तो मोकळा करता येतो. विजेची बटणे टाकीच्या खाली नव्हे, तर बाजूच्या भिंतीवर वरच्या उंचीला घ्यावीत. वायरींना खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब बटणापर्यंत न जाता झोलावरून गळतील. ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच अनिवार्य समजावा.

काळी माती आणि पाणसळ

सांडव्यावर केवळ ७ मिलिमीटर पाणी असते तेव्हा ३ मिलिमीटरचा कलही मोठा असतो. कडेच्या एका टोकावरून पाणी धो-धो पडते आणि दुसरे टोक जवळजवळ कोरडे राहते. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर हलते. म्हणून टाकी बसवताना पाणसळ लावली म्हणजे काम संपले, असे नाही. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकेकदा पुन्हा पातळी तपासावी. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी त्यासाठी पुरते.

वरच्या मजल्यावर वजनाचा विचार आधी करावा. पाणी, काच, खडक, संप आणि स्टँड मिळून उदाहरणातील टाकीचे वजन ५०० किलोच्या आसपास जाते आणि ते सव्वा मीटर लांबीच्या जागेत एकवटते. निवासी स्लॅब सामान्यतः प्रतिचौरस मीटर २०० किलो वापर-भारासाठी आखलेला असतो. टाकी तुळईला लागून, भिंतीच्या कडेने ठेवणे आणि अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या आणि २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीलगतच्या धक्क्यांनी हादरलेल्या या भागात स्टँड भिंतीशी जखडलेला असणे हाही शहाणपणाचा भाग आहे. काठाखाली सोडलेली ५० मिलिमीटर जागा पाणी हेलकावल्यावरही उपयोगी पडते.

उन्हाळा आणि पाण्याचा हिशेब

एप्रिल-मे मधील कोरड्या उन्हात दोन्ही टाक्यांच्या पृष्ठभागावरून रोज पाच लिटरच्या आसपास पाणी उडू शकते. पंखा लावल्यास अधिक. दर्शनी टाकीची पातळी मात्र जागची हलत नाही. सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते, आणि उदाहरणातील कप्प्यात पाच लिटर म्हणजे पाच सेंटिमीटर. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भरणा गोड्या शुद्ध पाण्याचाच हवा.

बेसॉल्ट खडकातील बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे आरओ यंत्राला पर्याय नाही. असे यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. साडेतीनशे लिटरची यंत्रणा भरताना ७०० ते १००० लिटर पाणी असे बाहेर पडेल. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी ज्या लातूरला पोहोचवले, तेथे हे पाणी गटारात सोडणे शोभत नाही. ते पिंपात साठवून फरशी आणि शौचालयासाठी वापरावे. यंत्रणा पावसाळ्यानंतर भरावी.

खाऱ्या पाण्याचा निचरा

दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, तर सुमारे ३३ लिटर खारे पाणी बाहेर काढावे लागते. त्यात एक किलोहून अधिक मीठ असते. हे पाणी कुंड्यांत, अंगणात किंवा पावसाचे पाणी मुरवण्याच्या शोषखड्ड्यात कदापि सोडू नये. सोडियममुळे काळ्या मातीतील चिकण कण विस्कळीत होतात, जमीन पाणी मुरवेनाशी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतात. बोअरजवळ मुरलेले मीठ तर वर्षानुवर्षे शेजाऱ्यांच्याही पाण्यात उतरत राहील. हे पाणी न्हाणीघराच्या मोरीतून, भरपूर सांडपाण्याबरोबर, भुयारी गटारात जाईल अशी सोय आधीच करावी. संपच्या तळाशी झडप आणि मोरीपर्यंत नळ काढून ठेवल्यास बादल्या वाहण्याचा त्रास वाचतो.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक निर्माण करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे समाविष्ट करण्यात आले. समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा त्यांचे ‘जिवंत खडक’ विकत घेणे त्यामुळे गुन्हा ठरू शकतो. कठीण प्रवाळांच्या परदेशी आयातीलाही आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे निर्बंध आहेत. कृत्रिम सिरॅमिक खडक, मासे आणि अनुसूचीबाहेरील मऊ प्रवाळ यांवरच टाकीची आखणी करावी, आणि खरेदीपूर्वी वन विभागाकडून खात्री करून घ्यावी.

मीठ घालण्यापूर्वीच्या चाचण्या

संपूर्ण यंत्रणा प्रथम साध्या पाण्यावर चालवून पाहावी. तेच पाणी नंतर घरकामाला वापरता येते. पहिली चाचणी : पंप बंद करून संपमधील पातळी थांबेपर्यंत पाहावी आणि तेथे रंगीत खूण करावी, पुढे वीज गेल्यावर पाणी कधीही त्या खुणेवर जाता कामा नये. दुसरी : पंप पाच मिनिटांच्या अंतराने दहा वेळा बंद-चालू करावा, सायफन प्रत्येक वेळी हात न लावता सुरू झाला पाहिजे. तिसरी : मुख्य नळाचे तोंड झाकून दुसरा नळ भार घेतो का, आणि दोन्ही झाकून तिसरा पुरतो का, ते तपासावे. चौथी : तिन्ही तोंडे झाकून पंप कोरडा पडेपर्यंत थांबावे.

चौथ्या चाचणीनंतरही फरशी कोरडी राहिली, तरच मिठाची पिशवी उघडावी.